राजा गेला, कायदा राहिला

लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या काठी ग्रीनिच आहे. आठवा हेन्री आणि पहिली एलिझाबेथ या दोघांचाही जन्म तिथल्या राजवाड्यातला. या ईस्ट ग्रीनिचच्या शाही जहागिरीचे नाव जगाच्या दोन टोकांच्या सनदांमध्ये सापडते. १६०६ साली पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनियात वसाहत करू पाहणाऱ्यांना जमीन दिली, ती केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीखाली धरायची जमीन म्हणून. पुढे २७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना हे बेट त्याला आंदण मिळाले होते. कंपनीने दर ३० सप्टेंबरला दहा पौंड सोन्यात भरायचे ठरले, आणि सनदेत धारणेची अट तीच लिहिली गेली: ईस्ट ग्रीनिच जहागिरीखाली. कायद्याच्या दृष्टीने व्हर्जिनियाचे अरण्य आणि माहीमची खाडी, दोन्ही केंटमधल्या एकाच जहागिरीला जोडलेली होती.

असे लिहावे लागले, कारण इंग्लिश कायद्यात जमीन कधी अधांतरी नसते. प्रत्येक तुकडा कुणीतरी कुणाच्या तरी हाताखाली धरलेला असतो आणि ही साखळी वर चढत राजापर्यंत पोहोचते. ईस्ट ग्रीनिचची धारणा त्यातल्या त्यात हलकी होती. लढाईला स्वार पाठवायची सक्ती नाही, फक्त ठरलेला खंड आणि राजनिष्ठा. या प्रकाराला सॉकेज म्हणत. दूर देशी माणसे पाठवायची, तर त्यांच्या मानेवर जड जू ठेवून भागणार नव्हते.

अमेरिकेने १७७६ साली राजाला झिडकारले. जमिनीच्या कायद्यातून राजाची सेवा गेली, नजराणे गेले, थोरल्या मुलाचा हक्कही गेला. पण हक्क वरून खाली येतो ही मूळ कल्पना मात्र तिथेच राहिली. कोट्यवधी सामान्य माणसांना याच कायद्याने जमीनमालक केले आणि मूळ रहिवाशांना त्यांच्याच भूमीवर परके ठरवले तेही याच कायद्याने. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेतल्याशिवाय अमेरिकेतली जमिनीची मालकी समजत नाही.

सगळी जमीन राजाची

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि इंग्लंडची सारी जमीन त्याने आपली मानली. ती त्याने सरदारांना वाटली, पण विकली नाही की दानही केली नाही. ती धरायला दिली, आणि बदल्यात लढाईला इतके स्वार आणायचे असे ठरवून दिले. सरंजामाची पद्धत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार अनोळखी वाटणार नाही. थेट राजाकडून जमीन धरणारे बडे सरदार दोनशेच्या आसपास होते. त्यांनी आपापल्या हाताखाली छोटे सरदार नेमले, त्यांनी आणखी कुळे.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरच्या दरबारात विल्यमने हुकूम सोडला की देशभर माणसे पाठवा आणि जमिनीची नोंद करा. पुढच्या वर्षी तेरा हजारांहून अधिक गावांची माहिती गोळा झाली. आधी ही जमीन कोण धरत होता, आता कोण धरतो, नांगर किती, गिरण्या किती, कुरण किती, किंमत किती, असे सारे विचारले गेले. त्या काळच्या इतिवृत्तकाराने तक्रारच करून ठेवली आहे की गाय, बैल, डुक्करसुद्धा नोंदीतून सुटले नाही. लोकांनी या दप्तराला डूम्सडे बुक म्हटले, कारण त्यातल्या नोंदीवर अपील नव्हते. आज ते लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

धारणेबरोबर ओझी आली. बाप वारला की मुलाने वरच्या धन्याला रक्कम मोजायची, तेव्हा जमीन त्याच्या नावावर होणार. वारस अज्ञान असेल, तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचे उत्पन्न धन्याचे, आणि त्या पोराचे लग्न कुणाशी लावायचे हेही धनीच ठरवणार. वारस नसेल, तर जमीन परत धन्याकडे. या शेवटच्या नियमाचा वंशज आजही जिवंत आहे. अमेरिकेत बेवारस मालमत्ता राज्य सरकारकडे जाते. भारतीय राज्यघटनेच्या २९६ व्या कलमातही तोच विचार आहे.

जमीन हस्तांतरित कशी होई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. देणारा आणि घेणारा दोघे प्रत्यक्ष शेतात जात. शेजारीपाजारी साक्षीला उभे राहत. त्या जमिनीवर ज्यांचा दावा असेल, त्यांना बाहेर काढले जाई. मग देणारा वाकून मातीचे ढेकूळ उचले, त्यात झाडाची डहाळी खोचे आणि घेणाऱ्याच्या हातात ठेवे. घर असेल, तर दाराची कडी हाती देई. एवढे झाले की ताबा गेला. कागद असला तर असला, तो फक्त पुरावा. जमिनीच्या विक्रीला लेखी दस्त हवाच, असा इंग्लंडचा कायदा १६७७ साली झाला. तोवर गावाच्या डोळ्यांदेखत झालेली देवघेव हीच नोंदणी होती.

आणि हातात येई ते काय? जमिनीवरचा ठरावीक मुदतीचा हक्क. कुणाला हयातीपुरता, कुणाला फक्त औरस वंश चालेल तोवर, आणि कुणाला पिढ्यान् पिढ्या, विकण्याच्या अधिकारासह. हा तिसरा, सर्वांत मोठा हक्क म्हणजे फी सिंपल. अमेरिकेत आज घर विकत घेणारा बहुतेक प्रत्येक माणूस हाच हक्क विकत घेतो. पूर्वी तो देताना दस्तात 'आणि त्याचे वारस' हे शब्द लिहावेच लागत. नुसते 'रॉबर्टला' असे लिहिले, तर रॉबर्टला हयातीपुरताच हक्क मिळे. मुलांचे नशीब दोन-तीन शब्दांवर ठरत असे.

बाप, मुलगा आणि वकील

पुढची चारशे वर्षे इंग्लंडमध्ये एक ओढाताण चालली. घराण्यांना जमीन कायमची बांधून ठेवायची होती आणि प्रत्येक नव्या पिढीला ती मोकळी हवी होती. १२८५ च्या कायद्याने पहिल्या बाजूला बळ दिले. जमीन अमक्याला आणि त्याच्या पोटच्या वंशाला, असे लिहिले की ती कुणालाच विकता येईना. एकट्या थोरल्या मुलाने सगळे घ्यायचे, धाकट्यांनी सैन्यात नाहीतर चर्चमध्ये जायचे, ही सरदार घराण्यांची रीत या बंधनामुळे पक्की झाली.

१२९० साली पहिल्या एडवर्डच्या काळात दुसरा कायदा झाला. त्याने जमीन विकायला मोकळीक दिली, पण विकणाऱ्याला आपल्या खाली नवे कूळ निर्माण करायला मनाई केली. घेणारा थेट विकणाऱ्याच्या जागी उभा राहणार. राजाला आपले नजराणे वाचवायचे होते, पण परिणाम त्याच्या कल्पनेपलीकडचा झाला. नवी पायरी जोडता येईना, जुन्या मात्र गळत गेल्या. काही शतकांत मधले बहुतेक धनी नाहीसे झाले, आणि वर राजा व खाली जमीनधारक एवढेच उरले. जमीन बाजारात आणणारा हा कायदा सरंजामशाही टिकवण्यासाठी झाला होता!

वकिलांनी बंधने सोडवायच्या वाटा शोधल्या. १४७२ च्या एका खटल्यानंतर लटक्या दाव्याची रीत रूढ झाली. खरेदीदाराने मालकावर खोटा दावा लावायचा, मालकाने हरायचे, आणि न्यायालयाच्या हुकमानेच वंशाचे बंधन तुटायचे. राजाचे नजराणे चुकवण्यासाठी लोक जमीन विश्वासू मित्रांच्या नावावर ठेवत, उपभोग मात्र आपल्याकडे. आठव्या हेन्रीने १५३६ साली कायदा करून ती पळवाट बुजवली. त्यावर जमीनदार वर्गात इतका असंतोष उसळला की १५४० साली त्याला मृत्युपत्राने जमीन द्यायची परवानगी द्यावी लागली. १६६० साली संसदेने स्वारांच्या सेवेची धारणा कायमची रद्द केली.

मेलेल्या माणसाची इच्छा जमिनीवर किती काळ चालावी? १६८२ साली ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यात या प्रश्नाला हात घातला गेला, आणि त्यातून पुढे नियम घडला: व्यवस्था करतेवेळी हयात असलेल्या माणसाचे आयुष्य आणि वर एकवीस वर्षे, त्यापुढे नाही. अमेरिकेने हा नियम घेतला. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले १४ वे कलम त्याचेच भावंड आहे. जमीन जिवंत माणसांच्या उपयोगी पडावी हा त्यातला विचार मला अत्यंत मोलाचा वाटतो.

दोन बाण, दोन कातडी

अमेरिकेतल्या वसाहती या कायद्याचे सगळे थर सोबत घेऊन निघाल्या. १६३२ च्या मेरीलँडच्या सनदेत लॉर्ड बाल्टिमोरने दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात मंगळवारी विंडसरच्या किल्ल्यावर तिथल्या आदिवासींचे दोन बाण पोहोचवायचे होते. १६८१ साली चार्ल्सने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया दिले, पेनच्या दर्यासारंग बापाचे राजाकडे असलेले १६,००० पौंडांचे देणे फेडण्यासाठी. पेनने दर १ जानेवारीला बीव्हरची दोन कातडी विंडसरला द्यायची. दोघांच्याही सनदेत सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. बाण आणि कातडी यांची किंमत नगण्य होती, पण ती देणे म्हणजे ही जमीन आम्ही तुमच्या हाताखाली धरतो, अशी दर वर्षी दिलेली कबुली होती.

ऑक्टोबर १६८२ मध्ये पेन डेलावेअर नदीकाठच्या न्यू कॅसलला उतरला. हा भाग त्याला राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याकडून मिळाला होता. ड्यूकच्या प्रतिनिधींनी त्याच्या हाती किल्ल्याची चावी दिली, डहाळी खोचलेले मातीचे ढेकूळ दिले आणि एका भांड्यात नदीचे पाणी व गाळ दिला. इंग्लंडच्या शेतातला विधी महासागर ओलांडून जसाच्या तसा आला, नदीच्या हक्कासाठी फक्त पाण्याची भर पडली.

काही गोष्टी मात्र नव्या भूमीवर लगेच बदलल्या. इंग्लंडमध्ये माणसे फार आणि जमीन थोडी, इथे उलट. व्हर्जिनियाने १६१८ पासून, जो कुणी स्वतःचे किंवा दुसऱ्याचे भाडे भरून माणूस आणेल, त्याला माणशी ५० एकर द्यायला सुरुवात केली. चाकर आणणाऱ्यालाही जमीन मिळे, पुढे गुलाम आणणाऱ्यालाही. मॅसॅच्युसेट्सने १६४० साली नोंदणीचा कायदा केला. दस्त सरकारी वहीत चढला नसेल, तर तिऱ्हाइतावर तो बंधनकारक नाही. इंग्लंडमधली घराणी आपली कागदपत्रे पेटीत बंद करून ठेवत, आणि इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र नोंदणी सक्तीची व्हायला १९९० साल उजाडले. अमेरिकेत मात्र काउंटीच्या कचेरीत जाऊन कुणाही शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या जमिनीचा दस्त पाहता येऊ लागला.

बायकांची स्थिती बदलली नाही. लग्न होताच स्त्रीची कायदेशीर ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरघळे, आणि तिच्या जमिनीचा कारभार व उत्पन्न त्याच्या हाती जाई. हा इंग्लिश नियम मोडायला सुरुवात झाली ती १८३९ च्या मिसिसिपीच्या आणि १८४८ च्या न्यूयॉर्कच्या कायद्यांनी. इंग्लंडने हा पूर्ण बदल १८८२ साली केला.

जेफरसनचा घाव

टॉमस जेफरसनला जमिनीचा इतिहास तोंडपाठ होता. १७७४ सालीच त्याने लिहिले की नॉर्मन विजयापूर्वी सॅक्सन शेतकरी जमिनीचे निखळ मालक होते, सरंजामी धारणा ही विल्यमने लादलेली गोष्ट, आणि अमेरिकेची भूमी विल्यमने जिंकलेली नाही, तेव्हा ती राजाची कशी? इतिहासकारांना त्यातले सॅक्सन काळाचे चित्र फार गोड वाटते, पण राजकीय मुद्दा धारदार होता.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच व्हर्जिनियाच्या विधिमंडळात जेफरसनने वंशबंधन रद्द करणारे विधेयक आणले आणि ते संमत झाले. थोरल्याचा हक्क रद्द करणारा कायदा १७८५ साली झाला. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या वटहुकमाने ओहायो नदीपलीकडच्या नव्या मुलखासाठीही तेच ठरवले: मृत्युपत्र नसेल, तर मुलगे आणि मुली यांना समान वाटा. इंग्लंडमध्ये थोरल्याचा हक्क कायद्यातून जायला १९२५ साल यावे लागले. मोठी घराणी दोन-तीन पिढ्यांत विभागली जावीत आणि छोट्या शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक उभे राहावे, ही या कायद्यांमागची आस होती.

पण त्याच व्हर्जिनियाने १७०५ साली गुलाम माणसांना स्थावर मालमत्ता ठरवले होते. घर आणि शेताप्रमाणे माणूसही वारसाने उतरावा, म्हणून जमिनीचा कायदा त्याला लावला गेला. वंशबंधन सुटले तेव्हा शेत मोकळे झाले. त्या शेतावर राबणारी माणसे मोकळी झाली नाहीत, उलट बाप गेल्यावर वाटणीत त्यांची ताटातूट होणे अधिक सोपे झाले.

साखळीने मोजलेला देश

जमीन विकायची, तर आधी मोजायला हवी. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीचे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन आखायचे ठरले. प्रत्येकात ३६ विभाग, प्रत्येक विभाग ६४० एकरांचा, त्यातला १६ वा शाळेसाठी राखीव. किंमत एकरी किमान एक डॉलर. ३० सप्टेंबर १७८५ रोजी टॉमस हचिन्सने ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर मोजणी सुरू केली. आज विमानातून अमेरिकेचा मध्यभाग पाहताना जी चौकटीचौकटींची शेते दिसतात, त्यांचा उगम तिथे आहे.

मोजायचे साधन इंग्लिश होते. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० साली बनवलेली ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल, आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या गुंठ्याची बाजू ३३ फूट असते, म्हणजे नेमकी अर्धी साखळी, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. ओहायोचा शेतकरी आणि साताऱ्याचा शेतकरी यांची जमीन एकाच मापाच्या पटीत उतरली आहे.

चार कोंबड्यांचा खंड

सरंजामी धारणा अमेरिकेत कधी रुजलीच नाही, असे अनेकदा म्हटले जाते. न्यूयॉर्क राज्यातली हडसनकाठची कुळे ते मान्य करणार नाहीत. ॲम्स्टरडॅमचा हिऱ्यांचा व्यापारी किलियान व्हान रेन्सेलर याने १६३० साली आजच्या ऑल्बनीभोवती प्रचंड मुलूख डच सनदेने मिळवला. इंग्रज आले, तेव्हा त्यांनी त्याला इंग्लिश जहागिरीचे रूप दिले. क्रांती झाली, तरी जहागीर शाबूत राहिली.

तिथल्या शेतकऱ्याच्या दस्तात जमीन त्याला कायमची दिलेली असे. त्याच दस्तात खंडही कायमचा असे: दर शंभर एकरांमागे दहा ते चौदा बुशेल गहू, चार लठ्ठ कोंबड्या आणि एक दिवस घोडागाडीसह वेठ. शिवाय त्याने जमीन विकली, तर किमतीचा चौथा हिस्सा नजराणा म्हणून जहागीरदाराला. कर भरायचा शेतकऱ्याने, खाणी आणि पाणचक्कीच्या जागांचा हक्क मात्र जहागीरदाराकडे.

१८३९ च्या जानेवारीत तिसरा स्टीफन व्हान रेन्सेलर वारला. तो थकबाकीसाठी फारसा तगादा लावत नसे. मृत्युपत्रात मात्र सारी बाकी वसूल करून त्याची कर्जे फेडावीत असे होते. बाकी सुमारे चार लाख डॉलर निघाली. ४ जुलै १८३९ रोजी बर्न गावी शेतकरी जमले आणि त्यांनी खंड द्यायचे नाकारले. जप्तीला कुणी आला की एका शेतातून दुसऱ्या शेतात पत्र्याचे कर्णे वाजत, आणि छिटाचे झगे व चामडी मुखवटे घातलेले तरुण धावून येत. एरवी जेवणाची वर्दी देणारा कर्णा आता बंडाची खूण झाला होता. १८४५ च्या ऑगस्टमध्ये जनावरांच्या लिलावाच्या वेळी शेरीफचा एक सहायक गोळीबारात ठार झाला. सरकारने लष्करी बळ वापरले, धरपकड झाली, पण शेतकऱ्यांनी मतपेटीही हाती घेतली होती. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या संविधानाने सरंजामी धारणा रद्द केल्या आणि शेतजमिनीचा भाडेपट्टा बारा वर्षांपुढे नेण्यास मनाई केली. १८५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या चौथाईवर घाव घातला. युक्तिवादात हत्यार होते १२९० च्या इंग्लिश कायद्याचे: खाली नवी पायरी नाही, तर मग वर नजराणा घेणारा धनी कसला?

विकत कुणाकडून घेतली?

आता या कायद्याच्या सर्वांत कठोर पानाकडे वळायला हवे. १७७३ आणि १७७५ साली काही जमीन कंपन्यांनी इलिनॉय आणि पियांकशॉ लोकांकडून आजच्या इलिनॉय आणि इंडियाना भागातली अफाट जमीन पैसे मोजून विकत घेतली. पुढे सरकारने त्याच प्रदेशातली जमीन विल्यम मॅकिंटॉश नावाच्या माणसाला विकली. खरेदीदारांच्या वारसांनी दावा लावला. प्रश्न सरळ होता: मूळ रहिवाशांनी विकलेली जमीन खरेदीदाराची होते का?

१८२३ साली सर न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, नाही. युरोपीय राष्ट्राने भूमी शोधली की तिच्यावरचा अंतिम हक्क त्याच्या राजाचा. मूळ रहिवाशांकडे उरतो तो फक्त वहिवाटीचा अधिकार, आणि तो विकत घ्यायची मुभा एकट्या सार्वभौम सत्तेला. इंग्लंडच्या राजाचा हा हक्क स्वातंत्र्ययुद्धानंतर संयुक्त संस्थानांकडे आला. हेस्टिंग्जच्या मैदानावर जन्मलेली कल्पना, की प्रत्येक हक्काचे मूळ सार्वभौमाकडे असते, इथे पूर्ण ताकदीने वापरली गेली. हजारो वर्षांची वस्ती आणि शेती त्या मुळात मोजलीच गेली नाही. जेफरसनने राजाचा जो दावा झिडकारला होता, तोच प्रजासत्ताकाने आपल्या खिशात घातला. हा निकाल अमेरिकेतल्या जमीन कायद्याच्या अभ्यासात आजही पहिल्या धड्यांत शिकवला जातो. शोधाच्या या सिद्धांताला आधार पुरवणाऱ्या पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांपासून व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये स्वतःला अधिकृतपणे दूर केले.

सरकारकडे आलेल्या या जमिनीतूनच २० मे १८६२ चा होमस्टेड कायदा शक्य झाला. १६० एकर जमीन, एकूण अठरा डॉलर शुल्क, पाच वर्षे राहून कसण्याची अट. अविवाहित स्त्रिया अर्ज करू शकत, नुकतेच आलेले परदेशी करू शकत, पुढे गुलामीतून सुटलेलेही करू शकले. सुमारे सोळा लाख कुटुंबांना मिळून २७ कोटी एकर जमीन या कायद्याने मिळाली. गरिबाला फुकट आणि वंशपरंपरेची जमीन देणारा एवढा मोठा कार्यक्रम जगात क्वचितच झाला असेल. ती जमीन आधी दुसऱ्या कुणाची होती, हेही तितकेच खरे.

चाळीस एकर, ४३९ मालक

१८८७ च्या डॉज कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामूहिक जमिनी फोडून कुटुंबांना तुकडे दिले आणि उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. समूहाची मालकी मोडली की हे लोक शेतकरी आणि नागरिक होतील, असे सुधारकांना मनापासून वाटत होते. १८८७ साली त्यांच्याकडे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ साली उरली ४.८ कोटी.

तुकड्यांचे पुढे जे झाले, ते मराठी वाचकाला उताऱ्यावर वाढत जाणाऱ्या नावांच्या रांगेवरून चटकन कळेल. ही जमीन सरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्याने सहजी विकता येईना, आणि वारसा मात्र समान वाटणीने उतरत राहिला. १९८७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने डकोटातल्या एका ४० एकरांच्या तुकड्याचा हिशेब दिला आहे. मालक ४३९. वर्षाचे उत्पन्न १,०८० डॉलर. एक तृतीयांश मालकांना वर्षाला मिळणारा खंड पाच सेंटहून कमी. सर्वांत छोट्या हिस्सेदाराला दर १७७ वर्षांनी एक सेंट. आणि एवढ्याचा कारभार पाहायला सरकारचा वार्षिक खर्च अंदाजे १७,५६० डॉलर! जेफरसनच्या हाती ज्या समान वाटणीने जमीनदारी मोडली, तिनेच इथे जमीन कुणाच्याच उपयोगाची ठेवली नाही. पुढे विश्वस्तपणातल्या गैरकारभाराबद्दल झालेल्या मोठ्या तडजोडीतून सरकारने असे हिस्से विकत घेऊन जमातींच्या नावे करण्यासाठी १.९ अब्ज डॉलर बाजूला काढले.

अटी जमिनीला चिकटतात

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग १८०८ साली विकली गेली, ती बागच ठेवायची या अटीवर. पुढच्या खरेदीदाराला तिथे बांधकाम करायचे होते. १८४८ साली लॉर्ड कॉटनहॅम यांनी निकाल दिला की अट ठाऊक असून जमीन घेतली, तर ती पाळलीच पाहिजे. बाग वाचली. अमेरिकेत हाच विचार घेऊन विसाव्या शतकात वस्त्यावस्त्यांच्या दस्तांत कलम घातले गेले की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. सेंट लुईस शहरातल्या शेली कुटुंबाने १९४५ साली असे घर घेतले आणि शेजारी न्यायालयात गेले. लेस्टर स्क्वेअरच्या निकालाला बरोबर शंभर वर्षे झाली, तेव्हा, १९४८ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट अमलात आणायला कुठलेही न्यायालय आपले बळ देणार नाही. घरविक्रीतला वर्णभेदच बेकायदा व्हायला १९६८ चा कायदा लागला.

जिथे इंग्लिश नियम भूमीला मानवला नाही, तिथे तो सोडून दिला गेला. इंग्लंडमध्ये नदीकाठी ज्याची जमीन, त्याला पाण्याचा हक्क. पावसाच्या देशात ते ठीक. कोलोरॅडोच्या न्यायालयाने १८८२ साली स्पष्ट सांगितले की कोरड्या प्रदेशात हे चालणार नाही, ज्याने पाणी आधी वळवून कामी लावले, त्याचा हक्क आधी. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने स्पॅनिश परंपरेतून पती-पत्नीची समान मालकी उचलली.

काय ठेवले, काय टाकले

१७७६ साली घातलेला घाव मात्र कायमचा ठरलेला नाही. १९८३ साली साउथ डकोटाने मृताच्या इच्छेवरची मुदतीची मर्यादाच काढून टाकली, आणि नंतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. त्यामुळे श्रीमंत घराण्यांना विश्वस्त निधीमार्फत मालमत्ता पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवता येते. जेफरसनने समोरच्या दाराने घालवलेले वंशबंधन मागच्या दाराने परत आले आहे, आणि अमेरिकन नागरिकांनी त्याची काळजी करायला हवी.

दुसरीकडे, मिनेसोटातल्या हेनेपिन काउंटीने एका वृद्ध स्त्रीचे घर कराच्या थकबाकीपोटी ४० हजार डॉलरना विकले. व्याज आणि दंडासह बाकी होती सुमारे १५ हजार. वरचे २५ हजार काउंटीने ठेवून घेतले. २५ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे घटनाबाह्य ठरवले, आणि सर न्यायाधीशांनी निकालात थेट १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे जाऊन दाखवले की देण्यापेक्षा जास्त घ्यायचा अधिकार राजालाही नव्हता. आठशे वर्षांपूर्वी सरदारांनी राजाकडून वदवून घेतलेले वचन एका वृद्धेच्या कामी आले.

याच वारशातून १८२३ चा निकाल निघाला आणि २०२३ चाही. जुना कायदा आपोआप न्याय्य नसतो की अन्याय्यही नसतो. प्रत्येक पिढी त्यातून काय उचलते आणि काय टाकते, यावर ते ठरते. हडसनकाठच्या शेतकऱ्यांनी नजराणा टाकला, जेफरसनने थोरल्याचा हक्क टाकला, पण प्रत्येक हक्काचा उगम सत्तेपाशीच मानण्याची सवय कुणी टाकली नाही, कारण तिचा फायदा मत असणाऱ्यांना होत होता. म्हणून कोणत्याही देशाचा जमीन कायदा वाचताना मालक कोण, एवढे विचारून थांबू नये. मालकी मोजायला सुरुवात कुठून केली, आणि त्याआधी तिथे असलेल्या माणसाला त्या मोजणीत जागा होती का, हेही विचारायला हवे.